श्वास ऐकवणारे स्पीकर

रायपूर राजधानी झाल्यावर महागड्या स्पीकरांची प्रदर्शनं इथंही भरू लागली. शंकर नगरच्या हॉटेलातल्या अशाच एका प्रदर्शनात ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची बाई, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची.

"आँखें बंद कीजिए दीदी," दुकानदार म्हणाला. "गानेवाली की साँस तक सुनाई देगी."

गाणं लागलं. दोन ओळींमधला श्वास खरंच ऐकू आला. बाई ताडकन उठली.

"भैया, आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, वरातीत डीजे वाजला, त्या गाडीवर तुमच्याच दुकानाचं नाव होतं. घरात माझी माय शेवटचे श्वास घेऊन राहिली होती. काहीतरी सांगत होती मले. तिच्या तोंडाशी कान लावला, तरी एक शब्द ऐकू आला नाही. बाहेर येऊन हात जोडले, तर तुमची माणसं हसली!"

"वो किराये का काम है दीदी, ये अलग चीज़ है," म्हणत त्यानं आवाज वाढवला.

तिनं भिंतीतली पिन उपटली आणि दाराकडे चालू लागली. तो पिन लावायला धावला, तेव्हा माझंही डोकं फिरलं. उठून मी त्याला आडवा उभा राहिलो. ती बाहेर पडेपर्यंत मी त्याच्या वाटेतून हललो नाही.