उलटा हात

त्या कोणत्याही वस्तूला आधी तळहात लावत नसत. लोखंडी कपाट असो की नळाची तोटी, बोटांची उलटी बाजू क्षणभर टेकवायची, थांबायचं, मग हात फिरवून काम करायचं. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा कपाला, बशीला आणि टेबलाच्या कडेलाही त्यांचा उलटा हात लागून गेला. माझी नजर तिथे खिळलेली पाहून म्हणाल्या, "सवय आहे, बाई." मी शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांची बाई. मी त्यांना ताई म्हणे.

बसलेली असतानाही उठल्यासारखी दिसणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ताई तशा होत्या.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नाशिक रोडच्या त्या बैठ्या घरांत आमची दारं शेजारी होती. नवरा गेल्यावर ताईंनी पुढच्या खोलीचं ऑफिस केलं. बंद पडलेल्या एका कचेरीतून विजेवर चालणारा टाइपरायटर घेतला. वकिलांच्या नोटिसा, विद्यार्थ्यांचे प्रबंध. त्यावरच दोघी मायलेकींचं घर चाले. यंत्र सुरू झालं की भिंतीपलीकडे भुंगा घुमू लागे, आणि कार्बन पेपरचा निळसर वास माझ्या स्वयंपाकघरापर्यंत येई. पण ती गुणगुण अखंड कधी ऐकू आली नाही. चार ओळी झाल्या की ताई उठत. प्लग गरम झाला नाही ना, वायर कुठे दुमडली नाही ना. पायांखाली लाकडी पाट, पायांत रबरी चपला. मुलीला त्या खोलीत अनवाणी यायची बंदी. बाजाराला निघालेली रिक्षा कोपऱ्यावरून माघारी फिरे, "मेन स्विच पाहून येते."

सकाळी मात्र त्या अंगणात शांत उभ्या असत. तिथे त्यांनी अर्थिंगचा खड्डा खणून घेतला होता. खाली तांब्याचा पत्रा, त्यावर कोळसा आणि मीठ, आणि त्यातून खोलीत गेलेली जाड तार. खड्डा ओला राहिला तरच यंत्राच्या अंगात उतरलेली वीज मातीत जिरते, म्हणून उन्हाळ्यात त्या रोज तिथे कळशीभर पाणी घालत. तापल्या मातीचा वास उठे. पलीकडे तुळशीला पाणी घालणाऱ्या घरमालकीणबाई हे पाहत असत.

"कोळशाला पाणी घालून काय उगवणार आहे गं?"

"काही उगवू नये म्हणूनच घालते, मालकीणबाई."

एका चैत्रात मालकीणबाईंकडे साखरपुडा होता. ओल दिसायला बरी नाही म्हणून त्यांनी खड्ड्यावर शहाबादी फरशी घालून घेतली, सिमेंटने सांधे बुजवले. पाणी आता वरून वाहून जाऊ लागलं. आठवडाभरात यंत्राला टेकवताच ताईंच्या उलट्या हाताला मुंग्या आल्या. त्यांनी प्लग काढला. भिंतीपलीकडचा भुंगा गप्प झाला आणि ती शांतता मलाच सोसवेना. कामं अडली, वकिलांची माणसं कागद परत घेऊन जाऊ लागली. फरशी काढायला मालकीणबाई तयार नव्हत्या. उलट म्हणत होत्या की इतक्या वर्षांत आमच्या घरात काही झालं नाही, भीती वाटते तर यंत्र हलव, नाहीतर खोली सोड.

ताईंनी त्यांना घरात बोलावलं. मीही गेले. प्लग लावून ताईंनी यंत्राच्या पत्र्याला टेस्टर टेकवला. त्याच्या पोटातला दिवा कुंकवाच्या टिकलीएवढा लाल पेटला. मालकीणबाई पुढे झाल्या. "बघू तरी, काय होतंय ते." ताईंनी त्यांचा हात वरच्यावर झटकला आणि प्लग उपटला.

"पावसाळ्यात आमच्या यांनी टेबलफॅन सरकवला," ताई म्हणाल्या. "ओला तळहात लावला. उलटा हात झटका बसला की मागे फेकला जातो. तळहात मिटतो, मालकीणबाई. मग सुटत नाही. मी बघत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पहारीचा आवाज आला. फरशी निघाली होती. तुळशीला घालून उरलेलं पाणी मालकीणबाई खड्ड्यात ओतत होत्या, चेहरा नेहमीसारखाच आंबट.

पुढे मुलीला औरंगाबादला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आणि ताईंनी बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. तार कापली गेली. तरी तो सबंध उन्हाळा मालकीणबाई त्या खड्ड्याला पाणी घालत राहिल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "असू दे. हात जातो तिकडे."

आता ताई नाहीत. पंख्याचं बटण दाबताना माझीही बोटं आपोआप उलटी होतात. पण मला आठवतो तो निघायचा दिवस. गोणपाटात गुंडाळलेलं यंत्र रिक्षात ठेवलं होतं. मी हात पुढे केला. सवयीने त्यांच्या बोटांची उलटी बाजू माझ्या मनगटाला टेकली, थांबली. मग त्यांनी हात फिरवला आणि सबंध तळहात माझ्या हातावर ठेवला. तो कोरडा होता, उबदार होता. तो मिटला.

रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला.