कडीच्या डब्यातलं पायासूप

कुंभारीत आम्ही चार म्हातारे संध्याकाळी पारावर बसतो. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी वैनींच्या पायासुपाशी येऊन थांबतं. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला, आता मुला-सुनेजवळ राहतात, माझ्या शेजारीच. त्यांचे किस्से इतके साठलेत की एक सांगायला घ्यावा तर दुसराच पुढं येतो. मी बोलायला सावकाश, म्हणून लिहून ठेवतोय.

गल्लीत कुणी आजारी पडलं, कुणी बाळंत झालं, की वैनी बोकडाचे पाय आणायच्या. जाळावर भाजून, खरवडून, आलं-लसूण-मिरी घालून दुपारभर मंद चुलीवर ठेवायच्या. कडीच्या डब्यातून पोचवायचं काम माझं. आमच्याकडं डबा रिकामा परत करत नाहीत. कुणी मूठभर डाळ घालतं, कुणी दोन लिंबं.

*

टेम्पोवाल्या गणपाचा पाय मोडला. वैनींनी रोज सूप दिलं. काठी सुटल्यावर तो पाया पडायला आला. "वैनी, तुमच्या सुपानंच हाड जुळलं."

"हाड प्लॅस्टरनं जुळलं," वैनी म्हणाल्या. "सुपानं तुजं रडणं थांबलं."

*

सून शहरातली, नवीन होती. थंडीत सूप थिजून खरवसासारखं थरथरायला लागलं. नासलं असं समजून तिनं ते दारातल्या लंगड्या कुत्र्याला घातलं. वैनी रागावल्या नाहीत. थिजलं म्हणजे हाडातलं सगळं उतरलं, एवढं तिला समजावलं.

दुसऱ्या दिवशी तेच कुत्रं आणखी तीन कुत्री घेऊन दारात हजर!

वैनी सुनेला म्हणाल्या, "पेशंट वाढले की गं."

*

दुसऱ्याच्या सुपाला मात्र त्या सोडायच्या नाहीत. समोरच्या मास्तरीणबाईंनी एकदा कुकरमध्ये केलं आणि हौसेनं चाखायला आणलं. वैनींनी घोट घेतला.

"चांगलं हाय. पन गाडी पकडायची व्हती काय?"

मास्तरीणबाई आजही हे स्वतःच सांगतात आणि हसतात.

*

गेल्या थंडीत वैनी अंगणात पडल्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये. बरा होईल, डॉक्टर म्हणाले. पण वैनी भिंतीकडं तोंड करून निजल्या त्या उठेनात. जेवण तसंच राहायचं.

"भावजी, पातेलं उचलायचा हात गेला," मला म्हणाल्या. "आता मी कुनाच्या उपेगाची?"

गल्लीतून डबे यायला लागले. मास्तरीणबाईंनी तर चुलीवर केलं. वैनी दोन घोट घ्यायच्या आणि वाटी सरकवायच्या. एकाही सुपाला नाव ठेवलं नाही. त्याचीच आम्हाला भीती वाटली.

शेवटी मी चूल पेटवली. जन्मात चहापलीकडं काही केलं नव्हतं. पाय भाजले, खरवडले, आठवून आठवून एकेक जिन्नस घातला आणि दुपारभर जाळाजवळून हललो नाही. डबा घेऊन गेलो. वैनींनी वाटी हळूहळू सगळी संपवली. परत भिंतीकडं वळल्या. डबा तिथंच ठेवून मी घरी आलो.

सकाळी दाराची कडी वाजली. बाहेर वैनी उभ्या होत्या. डाव्या हातात माझा डबा, लख्ख घासलेला. तो माझ्याकडं दिला आणि भिंतीला धरत धरत आपल्या घरी गेल्या.

मी झाकण काढलं. आत मूठभर मीठ होतं.