नैसर्गिक मांडव

उखर्डूआबांना मागे बसवून मी मोटारसायकल सरळ केळीच्या बागेत घातली. वळणावर ट्रॅक्टर आला, मी ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबलं आणि दोघंही बागेतल्या पाटचारीच्या पाण्यात. आबांनी झेंडूच्या हारांची टोपली तेवढी डोक्यावर उचलून धरली होती. धोतर चिखलाचं, टोपली कोरडी. म्हणाले, "चाल, आपलं उद्घाटन व्हई गयं!"

खरं उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. गावामागचा डोंगर निसर्ग उद्यान म्हणून सगळ्यांना खुला होणार होता, आणि हार आणायला थेट धरणगावला आबांनीच जावं, असा सरपंच हेमराजचा हट्ट. हेमराज त्यांचा सख्खा पुतण्या. आबांना वाटलं, पोराचा आपल्याशिवाय कोणावर भरवसाच नाही. वाटेत हे त्यांनी मला चारदा तरी ऐकवलं.

एके काळी हा डोंगर म्हणजे नुकतंच भादरलेलं डोकं होतं. आबांनी दारोदार फिरून कुऱ्हाडबंदी आणली. पहिला गुन्हेगार त्यांच्या घरातच निघाला. बायकोची, धुरपदाबाईंची, मोळी त्यांनी चावडीवर नेऊन टाकली आणि पुढे बरेच दिवस कच्च्या भाकरी मुकाट्यानं गिळल्या. शेजारच्या ताईबाईचीही मोळी उतरवली. ती रडायला लागली, तेव्हा आबांनी शब्द दिला, "अक्का, आठे कोन्हीच कुऱ्हाड चालनार नहीं." त्या शब्दावर गावच्या बायांनी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर चुली पेटवल्या, धुरानं डोळे चोळले, आणि डोंगरावर अंजनाची झाडं वाढली.

आम्ही चिखलानं माखून परतलो, तर पायथ्याशी मांडव उभा. खांब अंजनाचे. इतके ताजे, की सालीला हात लावला तर ओला होत होता.

हेमराज लगबगीनं पुढे आला. एरवी काकाशी अहिराणीत बोलणारा हा गडी आज शुद्ध मराठीत बोलला. "काका, निसर्ग उद्यान आहे. लोखंडी पाईप बरे दिसले असते का? उद्घाटनाला येणाऱ्या साहेबांना सगळं नैसर्गिक लागतं."

"माले मुद्दाम धरणगावले धाडं ना?"

"तुम्ही असता तर तोडू दिलं असतं?"

इतकं खरं हेमराज निवडणुकीतही बोलला नव्हता. आबांनी टोपली खाली ठेवली. मांडव बघायला जमलेल्या बायांत ताईबाई होती. ती ओरडली नाही की काही नाही, नुसती खांबांकडे बोट करून म्हणाली, "आबा, मनी मोळी जड व्हती, नि हाई हलकी शे का?"

आबांनी घराची वाट धरली. मी मागे धावलो. समजूत घालण्याची मला फार हौस.

"आबा, मूठभर झाडं गेली. डोंगर तर अख्खा उभा आहे."

"मंग आते तो डोंगर तू राख."