मी पाजलेला काढा

डॉक्टरांनी थर्मासचं झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"गुळवेलीचा काढा," मी म्हणालो. "निंबावर चढलेली गुळवेल आहे. घरचीच." हे सांगताना माझी मान ताठ होती. खोटं कशाला लिहू?

"कधीपासून देताय?"

"दोन वर्षं झाली."

तेवढ्यात पलंगावरून शोभा, माझी बायको, बोलली. तीन दिवस ती धड बोललीच नव्हती, नुसती गुंगीत पडून होती. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आवाज स्वच्छ निघाला. "दोन वर्षं नाही, सायेब. दिवाळीपासून. त्याच्या आंधी मी मोरीत टाकत होती."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणून दिवाळीपर्यंत ठीक होत्या," ते म्हणाले.

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. ड्रग इंड्यूस्ड लिव्हर इंज्युरी. म्हणजे पोटात गेलेल्या औषधामुळे यकृताला झालेली इजा. मी लगेच म्हणालो, "पण डॉक्टर, हे ड्रग नाही. वनस्पती आहे." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "धोतरा पण वनस्पतीच आहे, सर." मी मास्तर आहे हे त्यांना माहीत होतं. विज्ञानाचा मास्तर आहे हे माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

मी यवतमाळजवळच्या नेरला राहतो. बत्तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. कोरोनाच्या दिवसांत सगळ्यांनीच काढे प्यायले, तसे मीही प्यायलो. सगळ्यांनी नंतर सोडले, मी धरून ठेवले. निवृत्त माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं. शाळेच्या मैदानावर फिरायला येणाऱ्यांचा एक गट होता, त्याचा मी आपोआप म्होरक्या झालो. मोबाइलवर रोज सकाळी आरोग्याचा एक संदेश टाकायचो. माझी बद्धकोष्ठता बरी झाली होती. तेवढ्या भांडवलावर मी वैद्य झालो.

अंगणातल्या निंबावर गुळवेल चढवली. बोटभर जाडीचं देठ ठेचायचं, रात्रभर भिजवायचं, सकाळी उकळून अर्धं करायचं. मी एक कप, शोभा अर्धा कप. गटातल्या पंचवीस-तीस जणांना मीच कांड्या तोडून द्यायचो. लोक घरी येऊन पाया पडायचे. मला ते आवडायचं.

एकदा यवतमाळला एका शिकलेल्या वैद्यांकडे गेलो होतो. खरं म्हणजे शाबासकी घ्यायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, घरी कोणाला काय आजार आहे? मी म्हटलं, बायकोला थायरॉइड आहे, रोज एक गोळी घेते. ते म्हणाले, "मग त्यांना रोज देऊ नका. एकदा दाखवायला आणा. काढा कोणाले, किती आन् किती दिवस, हे पाहा लागते." परतीच्या बसमध्ये मी शोभाला सांगितलं, की या लोकांची दुकानदारी असते, पेशंट घरी बरा झाला तर त्यांचं कसं चालेल. ती खिडकीबाहेर पाहत होती.

दिवाळीत लवकर उठलो तेव्हा मला दिसलं. शोभा मोरीपाशी उभी होती आणि कपातला काढा ओतून देत होती. वर दोन तांबे पाणी टाकलं, कप धुतला, पदराला तोंड पुसलं, म्हणजे मला वाटावं की प्यायली. ती सवयीची हालचाल होती. किती दिवसांची सवय, ते मी त्या दिवशी विचारलं नाही.

माझं पित्त खवळलं. ती म्हणाली, "मले मळमळते जी त्याच्यानं. नोका देऊ." मी ऐकलं नाही. उलट मैदानावर सगळ्यांसमोर सांगितलं, की आमच्या घरातच चोर सापडला. सगळे हसले. शोभाही त्या दिवशी सोबत आली होती. तीही थोडी हसली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्यासमोर उभा राहू लागलो. कप हातात द्यायचा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली की म्हणायचं, "आ कर." ती तोंड उघडायची. मी आत पाहायचो. साठीच्या बाईच्या तोंडात मी रोज सकाळी डोकावून पाहत होतो आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पोरांना जंताच्या गोळ्या अशाच दिल्या होत्या शाळेत.

महिन्याभरात तिची भूक गेली. मग अंगाला खाज सुटली. दुपारी झोपून राहायची, जी बाई कधी दुपारी पाठ टेकत नव्हती. मी म्हटलं, शरीरातली घाण बाहेर पडून राहिली आहे, हे चांगलं लक्षण आहे. आणि अर्ध्या कपाचा पूर्ण कप केला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या वनिताबाई आल्या. कुंकू लावता लावता थांबल्या. "माय वो, डोये पाह्यले का आरशात? पिवयेजर्द झाले." मी खुर्चीत पेपर वाचत बसलो होतो. एकाच घरात राहून मला ते दिसलं नव्हतं.

कावीळ म्हटलं की आमच्याकडे डॉक्टर नंतर, माळ आधी. राळेगावकडच्या एका खेड्यात एक बाबा माळ घालतात. ओल्या देठाचे बारीक तुकडे दोऱ्याच्या गाठींत अडकवून केलेली छोटी माळ असते, डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती लांबत जाते, गळ्यात उतरते, मग छातीवर येते. जशी माळ उतरते तशी कावीळ उतरते, असं सगळे मानतात. ती का लांबते हे मी स्वतः नववीच्या वर्गात शिकवलेलं आहे. देठ वाळून आक्रसतं, गाठ सैल होते, दोरा सुटतो. एका वर्षी पोरांना करूनही दाखवलं होतं. तरी मी शोभाला घेऊन गेलो. तरी रोज सकाळी मी तिच्या गळ्यातली माळ बोटांनी मोजत होतो आणि मुलीला फोनवर सांगत होतो, चार बोटं उतरली, काळजी करू नको. बरोबर काढा चालूच होता.

बाराव्या दिवशी माळ बेंबीपर्यंत आली. त्याच संध्याकाळी शोभाने चहात साखरेऐवजी पीठ टाकलं आणि मला विचारलं, "शाळेची घंटी झाली का जी? तुमी अजून घरीच?" मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती.

नेरच्या डॉक्टरांनी विचारलं, काही औषध, काढा, चूर्ण चालू आहे का? मी म्हणालो, "थायरॉइडची एक गोळी. बाकी आमच्या घरी औषध येतच नाही." तोऱ्यात म्हणालो. यवतमाळच्या दवाखान्यात भरती करताना पुन्हा तोच प्रश्न आला, पुन्हा मी तेच उत्तर दिलं. आणि रोज सकाळी यवतमाळच्याच माझ्या बहिणीच्या घरी काढा उकळून, थर्मासमध्ये भरून, नर्सची पाळी बदलायच्या वेळेत शोभाला चमच्याने पाजला. तीन दिवस.

बिलिरुबिन म्हणजे कावीळ किती चढली ते सांगणारा आकडा. तो पहिल्या दिवशी अकरा होता, तिसऱ्या दिवशी सोळा झाला. आयएनआर म्हणून एक तपासणी असते. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तीत कळतं, कारण रक्त गोठवणारे पदार्थ यकृतच बनवतं. तिचा आकडाही वाढत होता. कारण सापडत नाही म्हणून डॉक्टर हैराण होते. चौथ्या दिवशी पुण्याहून आमची मुलगी रश्मी आली. तिने पलंगाखाली थर्मास पाहिला, उचलला आणि पलंगापाशी आलेल्या डॉक्टरांच्या हातात दिला. पुढचं वर लिहिलंच आहे.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की काही माणसांच्या शरीराची संरक्षणव्यवस्था मुळातच भडक असते. शोभाचा थायरॉइड त्याच जातीचा. अशा माणसाला गुळवेल रोज दिली तर ती व्यवस्था आणखी चेतते आणि स्वतःच्याच यकृतावर उलटते. सगळ्यांना होत नाही. कोणाला होईल हे आधी सांगणं कठीण. "पण लवकर थांबवलं तर बहुतेक जण वाचतात," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "लवकर थांबवलं तर."

स्टेरॉइड सुरू झाले. दोन दिवस आकडे थांबले. यकृत काम करेनासं झालं की रक्तातलं विष मेंदूकडे जातं, म्हणून पोट साफ ठेवायला एक गोड पातळ औषध देतात. त्या औषधाने ती बऱ्यापैकी भानावर आली. दुपारी नर्स ते औषध घेऊन आली. मी झाकणात ओतलं, तिच्यापाशी नेलं आणि सवयीने म्हणालो, "आ कर."

शोभाने ओठ घट्ट मिटले. मान भिंतीकडे वळवली. मग नर्सला म्हणाली, "बाई, तू दे वो मले. याहीच्या हातचं नोको."

नर्सने माझ्या हातातून झाकण घेतलं. मी बाहेर बाकावर जाऊन बसलो. तिथे एक माणूस पोळीभाजी खात होता, त्याने मला "घ्या" म्हटलं. मी नको म्हणालो.

संध्याकाळी रश्मी खाली गेलेली असताना मी शोभाला विचारलं, मोरीत टाकत होतीस तेव्हा मला स्पष्ट का नाही सांगितलंस? तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे हळदीसारखे पिवळे.

"सांगतलं होतं न जी. तीन डाव सांगतलं. तुमी म्हनलं, नाटकं करतं." मग म्हणाली, "तुमाले वाईट वाटन म्हून गुपचूप टाकत होती. दिवाळीपासून मंग तुमी समोर उभेच राह्यले."

रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त विचारलेल्याचं उत्तर देत होती.

आठव्या दिवशी ताप आला. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते, त्यात जंतुसंसर्ग झाला. यवतमाळहून नागपूरला नेलं. तिथे यकृत बदलण्याची भाषा सुरू झाली, रश्मी आपलं द्यायला तयार झाली, तिच्या तपासण्याही सुरू झाल्या. त्या पूर्ण व्हायच्या आत शोभा गेली. शेवटचे दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. त्या दोन दिवसांत तिने माझ्या हातून पाणी घेतलं. कापसाच्या बोळ्याने ओठ ओले करायचे होते आणि नको म्हणायला ती जागी नव्हती.

हे मी लिहितो आहे ते आयुर्वेदाला नावं ठेवायला नाही. ज्यांनी तो शिकलेला आहे त्यांनी मला वेळेवर सांगितलं होतं. मी गुळवेलीलाही दोष देत नाही. गटातल्या एकालाही काही झालं नाही, हेही खरं आहे. तुम्हाला सांगायचं ते एवढंच, की दवाखान्यात विचारलं की सगळं सांगा. काढा, चूर्ण, रस, पाण्यात भिजवलेला डिंक, सगळं. ते औषध आहे की नाही हे तुम्ही ठरवू नका. आणि घरातलं माणूस मळमळते म्हणालं तर त्याला मळमळतं. त्याचं तोंड उघडून पाहायची गरज नसते.

तेरवीला गटातले सगळे आले. जेवणं झाल्यावर एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, जाताजाता दोनचार कांड्या नेऊ का? माह्याजोळच्या सरल्या." त्याला शोभा कशाने गेली ते माहीत होतं. मी दुसऱ्या दिवशी वेल बुडापासून तोडली. गुळवेल तोडून मरत नाही, हे मीच लोकांना तिचा मोठा गुण म्हणून सांगायचो. निंबावर अडकलेल्या तुकड्यांनी वरून सुतासारखी मुळं खाली सोडली आणि पंधरा दिवसांत ती जमिनीला टेकली. शेवटी निंबाच्या फांद्याच छाटल्या.

रश्मी माझ्याशी आता कामापुरतं बोलते. तिनेच बजावलं, की तुम्हीही तेच पीत होता, रक्त तपासून घ्या. नेरच्या लॅबमध्ये रक्त दिलं. माझ्या मनात एक इच्छा होती, ती इथे लिहून टाकतो. निदान थोडं तरी काही निघावं. आकडा थोडा तरी वर असावा.

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी कागद हातात दिला आणि कौतुकाने म्हणाल्या, "काका, एकदम नंबर एक रिपोर्ट आहे. लिव्हर त जवान मानसासारखं. काय घेता तुमी? मले सांगा, माह्या सासऱ्याले देतो."

मी त्यांना सगळं सांगितलं. तिथेच उभं राहून, मोरीपासून नागपूरपर्यंत. मागे दोघं-तिघं थांबले होते, तेही ऐकत होते. बाई तोंडावर हात ठेवून ऐकत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग जरा पुढे वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पन काका, तुमाले त मानवला न?"

"हो," मी म्हणालो. "मला मानवला."