इंधन किलोत मोजणारी बाई

"विचारा!"

कंपनीच्या बसमध्ये पाय ठेवला की तिचा पहिला शब्द हा. नमस्कार नाही, गुड मॉर्निंग नाही. ताथवड्याच्या थांब्यावर चढायची, ड्रायव्हरच्या मागची सीट पकडायची आणि मागे वळून प्रश्नांचे कागद आमच्या हातात कोंबायची. चाकण येईपर्यंत आमची सुटका नसे. अशी एखादी बाई तुमच्याही बसमध्ये असेल. नसेल तर तुम्ही सुखी आहात.

कंपनीत ती माल पाठवण्याच्या विभागात होती. कुठल्या ट्रकमध्ये किती वजन, कोणत्या रस्त्याने, किती डिझेल, सगळं तीच बघायची. तिला मात्र हे काम विमानांसाठी करायचं होतं. विमान उडण्याआधी जमिनीवर बसून मार्ग, हवामान, वजन आणि इंधन ठरवणारा माणूस असतो, त्याला फ्लाइट डिस्पॅचर म्हणतात, हे आम्हाला तिच्यामुळेच कळलं. त्याची सही नसेल तर विमान जागचं हलत नाही म्हणे.

बाई बीएस्सी फिजिक्स, पण जुन्या ताथवडेकरांची लेक. घरी बोलायची तशीच बसमध्ये बोलायची. "बाबा म्हनतात, आपल्या जमिनीवर इमारती उभ्या हायत, सुखानं बस की घरी. मला न्हाई बसायचं."

एका विमान कंपनीच्या भरतीत पहिल्या वेळी ती नापास झाली, आणि कशी झाली ते ऐका. लेखी परीक्षेत इंधनाचं गणित आलं. पठ्ठीने ते बिनचूक सोडवलं आणि उत्तर लिटरमध्ये लिहून मोकळी झाली. विमानाचं इंधन किलोत मोजतात, कारण तिथे सगळा प्रश्न वजनाचा. हे तिला तोंडपाठ होतं. पण इतकी वर्षं ट्रकला लिटरने डिझेल देऊन हात तसाच वळला होता.

"हातानंच घात केला, भाऊ," ती मला म्हणाली. डोळे लाल झाले होते. पुढची भरती ही शेवटची संधी; त्यानंतर ती वयाच्या अटीत बसणार नव्हती.

त्या दिवसापासून आख्ख्या बसने लिटर हा शब्द टाकला. दूध किलोत, पाणी किलोत, कँटीनचा चहा ग्रॅममध्ये. आमचे ड्रायव्हर चाचा पंपावर "साठ किलो डिझेल डाल" म्हणाले, तेव्हा तिथला माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला. "बेटी का इम्तिहान है," चाचांनी शांतपणे सांगितलं. माझ्याकडे हवामानाचे प्रश्न होते. धुकं, ढगांची उंची, वाऱ्याची दिशा. चुकली की मी मास्तरासारखा खेकसायचो आणि ती तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावायची.

दुसऱ्या वेळी लेखी परीक्षेत ती सहज पास झाली. मग मुलाखत. समोर तिघे. त्यांतल्या एका ज्येष्ठ कॅप्टनने पेच टाकला: दिल्लीत धुकं आहे, विमान ऐनवेळी जिथे वळवायचं तिथेही धुकं उतरतंय, आणि जादा इंधन भरायला वजनाची मुभा नाही. वैमानिक म्हणतोय निघू या. करा सही.

"मी म्हनलं, न्हाई करनार," दुसऱ्या दिवशी ती सांगत होती आणि अर्धी बस उभी राहून ऐकत होती. "इंग्रजीत म्हनलं हां!"

"मग?"

"ते वरडले. म्हनले, एवढी मानसं चिडतील. मी म्हनलं, चिडू द्या. चिडायला समदी खाली तर असतील!"

बसमध्ये टाळ्या पडल्या. ती मात्र निकालापर्यंत रोज विचारत राहिली, "लई बोलले का वो मी?"

निवडीचा मेल आला तेव्हा बस चाकणच्या चौकात नेहमीसारखी अडकली होती. तिने तो वाचला, परत वाचला, आणि फोन माझ्या हातात दिला. मी मोठ्याने वाचला. चाचांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मागचे ट्रकवालेही, काय झालं ते न कळता, हॉर्न वाजवू लागले. त्या चौकातला गोंगाट मला आयुष्यात एकदाच आवडला, तो त्या दिवशी.

मग ती ट्रेनिंगसाठी हैदराबादला गेली. बसमध्ये लोक पुन्हा झोपू लागले. मला तिची फार आठवण यायची, सांगायला लाज कसली.

ट्रेनिंग आणि आणखी परीक्षा उरकल्यावर एका सकाळी तिचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"भाऊ, आज शिकवनारं कुनी शेजारी नव्हतं. माझ्या सहीनं पैलं विमान निघालं."

"अभिनंदन, ताई!"

"थांबा! अजून वरच हाय."

तिची ड्यूटी संपली होती, पण ती घरी गेली नव्हती. विमानतळाच्या आवारात उभी राहून फोनवरच्या नकाशात सरकणारा विमानाचा ठिपका बघत होती. चाचांनी बस कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. शिफ्टला उशीर होणार होता. कुणीही कुरकुर केली नाही. फोनमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

"उतरलं," ती म्हणाली.