आषाढातलं पांढरं चिकन

विनायक शिर्क्यांना दिल्लीत येऊन एकवीस वर्षं झाली, पण त्यांची तिथी अजून चिपळूणहूनच येते. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये फ्रिजशेजारी मराठी कॅलेंडर टांगलेलं असतं. ऑफिसात साहेबाची सही नसली तरी एखादी फाइल पुढे सरकते. घरात मात्र कॅलेंडराच्या संमतीशिवाय अंडंसुद्धा फुटत नाही.

यंदा जुलैत कॅलेंडर म्हणत होतं, श्रावणाला अजून तेरा दिवस आहेत. तेवढ्यात बायकोच्या अंगावर मूठभर मांस चढवायचं, असं शिर्क्यांनी ठरवलं होतं. सुहासिनी हिंदूराव इस्पितळात नर्स. डेंग्यूतून उठली ती सहा किलो हलकी होऊनच, आणि रजा संपली म्हणून लगेच ड्यूटीवर गेली. आठवडाभर ती दोन घास खाऊन ताट सारत होती. तिखट तोंडाला सोसत नव्हतं. चिकन खा, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं.

उपाय लेकीनं, अपूर्वानं, बंगळुरूहून फोनवर पाठवला: क्रीम घातलेलं पांढरं चिकन आणि त्यात नूडल्स. बाबा, बिल्कुल सोपं आहे, वीस मिनिटं लागतात, असं तिचं म्हणणं. तिची वीस मिनिटं शिर्क्यांना बाजारातच लागली, कारण नेहमीच्या चिकनवाल्याचं शटर खाली होतं. शेजारचा पनीरवाला म्हणाला, सावन लग गया, अंकलजी, वो तो गाँव गया.

दिल्लीचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, हे शिर्के दरवर्षी नव्यानं शिकतात. तो त्यांचा, आपला वेगळा, असं स्वतःला समजावत ते ई-रिक्षानं मुनीरक्याला गेले आणि अर्धा किलो बोनलेस घेऊन आले.

दिवसभर फायली वाहिलेल्या हातांना आता लोण्यात मैदा परतायचा होता. दूध ओतताच गुठळ्या झाल्या, त्या त्यांनी रवीनं घुसळून मोडल्या. हात दोनदा हळदीकडे गेला, दोनदा त्यांनी तो मागे घेतला. लसूण, मिरपूड, चिकन, शेवटी क्रीम आणि उकडलेल्या नूडल्स. लग्नाच्या पंगतीत खीर सांडावी तसं ते दिसत होतं, पण वास बरा होता.

साडेआठला सुहासिनी आली. पर्स खांद्यावरच ठेवून ती खुर्चीत बसली. शिर्क्यांनी ताट पुढे केलं. तिनं आधी ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"चिकन आहे?"

"हो. अपूर्वाची रेसिपी."

"अहो, सावन लागला ना."

शिर्के चाटच पडले. आषाढ आहे, असं त्यांनी सांगितलं. मग तिनं डोळे मिटूनच खुलासा केला. वॉर्डात सगळ्यांचे डबे एकत्र उघडतात. बाकीच्या नर्सा परवापासून सावन पाळताहेत, मग आपणच आपला डबा घेऊन कोपऱ्यात काय बसायचं? म्हणून तीही पाळतेय.

"आणि आपला श्रावण?"

"तोही पाळणार."

म्हणजे दीड महिना. शिर्क्यांनी सहा किलोंचा विचार केला. त्यांनी ताट उचलायला हात घातला, म्हटलं, दहीभात कालवतो.

तिनं ताट धरून ठेवलं.

"भात लावू नका आता. नऊ तास उभी होते मी. कुठला महिना चाललाय ते मला विचारू नका."

तिनं आधी चिकनचे तुकडे वेचून ताटाच्या कडेला लावले. मग नूडल्स संपवल्या, रस्सा चमच्यानं पुसून घेतला. शिर्के उगाच सिंककडे तोंड करून भांडी विसळत राहिले. मागे चमचा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. त्यांनी वळून पाहिलं, तेव्हा कडेला एकच तुकडा उरला होता, आणि सुहासिनी विचारत होती, अजून आहे का थोडं.