धाकटीचा नेम

माझ्या धाकट्या जावेचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. हे लिहितानासुद्धा माझं डोकं फिरतं, पण आधीच सांगून टाकलेलं बरं.

आम्ही बेंबळी गावच्या. धाराशिवला एका निवृत्त फौजीनं जुन्या गोदामात एअर पिस्तूल शिकवायला सुरुवात केली, तेव्हा बायकांत पहिलं नाव मी घातलं. कॉलेजात एनसीसीला असताना रायफलच्या संघात माझी निवड झाली होती. संघ स्पर्धेला गेला आणि मी बोहल्यावर चढले. ते सलत होतंच. सासूबाईंची एकच अट होती, "एकटीनं जायचं न्हाय, धाकटीला संगं ने." नेलं. स्कूटीवर मागं बसवून मीच नेलं.

पहिल्या दिवशी तिनं पिस्तूल लाटण्यासारखं धरलं, तेव्हा मी पोटभर हसून घेतलं. सर तिला म्हणाले, "नळीच्या टोकाला हा बारीक उंचवटा आहे ना, त्याला माशी म्हणतात, तिच्यावरच नजर ठेवा. लांबचा कागद अंधुक दिसला तरी चालेल. आणि ट्रिगर ओढू नका, दाबत जा." हेच मला किती दिवस घोकून जमत नव्हतं. माझी नजर सारखी पळायची त्या काळ्या वर्तुळाकडं, आणि नजर पळाली की छर्रा खाली. हिला मात्र त्यात अवघड काय तेच कळेना.

घरी मी पाण्याची भरलेली बाटली धरून, हात सरळ ताणून भिंतीसमोर उभी राहायचे. खांदा भरून यायचा. ही तेव्हा पाय पोटाशी घेऊन मालिका बघायची, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन कागदाच्या मधोमध भोक पाडायची. नुसता जळफळाट व्हायचा माझा. सर सगळ्यांना म्हणायचे, "बघा, हात कसा शांत आहे यांचा." शांत नसायला काय झालं? जिवाला घोर कशाचाच नाही.

लातूरच्या विभागीय स्पर्धेला आमच्या इथून बायकांतली एकच जाणार होती. ती मीच असायला हवी होते. एकदा गेलेली संधी पुन्हा दारात आली होती, आणि ती तिसऱ्यांदा येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

निवड ठरली नेमकी सातव्या माळेला. आमच्या घरात नवरात्र थोरली सून धरते. दिवसभर चहापाणी, संध्याकाळी फराळ, आणि नऊ दिवस पायात चप्पल नाही. धाकटीला सगळं माफ. तुळजापूर इतकं हाकेवर, त्यात सूट मागणार कोण? आणि खरं सांगू का, मनातून मला वाटत होतं, एवढं कडक करतेय तर देवी माझ्याच बाजूनं उभी राहील.

त्या दिवशी गोदामात सर म्हणाले, "काहीतरी खाऊन घ्या ताई. रिकाम्या पोटी हात थरथरतो." धाकटीनं लगेच पिशवीतून डबा काढला. राजगिऱ्याचे लाडू होते.

"ताई, तुमच्यासाठीच केलेत. उपासाला चालतात."

चालतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिचा लाडू खाऊन मी जिंकले असते, तर जन्मभर लाडवाचं नाव झालं असतं. म्हटलं, "मला भूक न्हाय."

सुरुवात बरी झाली. मग शेजारून तिचा छर्रा कागदावर लागल्याचा टप् असा आवाज आला आणि मी मान वळवून बघितलं. झालं. तिथून पुढं माझ्या हातात पिस्तूल होतं, पण जीव तिच्या कागदात अडकला होता. माशी सोडून नजर सारखी तिकडंच पळू लागली. शेवटचे छर्रे तर कुठं गेले ते मी विचारलंही नाही. सरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. सांगायची गरज नव्हती.

परतताना स्कूटी मीच चालवत होते. माझ्या खांद्यावर तिचा हात होता, तोसुद्धा नकोसा वाटत होता. गावाच्या अलीकडं ती म्हणाली, "ताई, मी सरांना न्हाय म्हणते. तुमीच जावा लातूरला. मला काय त्याचं एवढं?"

ज्याच्यासाठी मी तडफडत होते, ते हिच्या लेखी काहीच नव्हतं. हरल्यापेक्षा हे जास्त लागलं. स्कूटी बाजूला घेतली आणि म्हटलं, "मला तुझं उष्टं नको. मुकाट्यानं जायचं तू."

ती घाबरून "बरं" म्हणाली. मी स्कूटी पुन्हा रस्त्यावर घेतली.

घरी सासूबाई घटापाशी बसल्या होत्या. कोण जाणार म्हणून त्यांनी विचारलं, तर धाकटी खाली मान घालून उभी. शेवटी मलाच सांगावं लागलं. सासूबाईंनी घटाला हात जोडले, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून अगदी मनापासून म्हणाल्या, "बघ, पावली का न्हाय देवी? तुझ्या उपासाचं फळ पदरात पडलं हिच्या."

मला दोघींचाही राग आला. तिसरीचाही आला, पण ती घटी बसलेली होती, तिला काय बोलणार? गुमान दिव्यात तेल घातलं.